मदत हवी आहे: रंगकामाचा रेट कसा काढावा?

राम राम मंडळी. लातूरकडं रंगकामाचे ठेके घेतो. इथं गिऱ्हाईक आधी एकच विचारतं, "फुटाला काय घेणार?" ते भिंत बघायच्या आधीच!

माप सोपं आहे. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट: भिंती 440 चौरस फूट, छत 120, एकूण 560. त्यातून दारं-खिडक्या वजा करायच्या. खरी अडचण जुन्या घरांची. भिंतीला खालचे दोन-तीन फूट खार (ओलीनं वर आलेलं मीठ) फुटलेला, हात लावला की पोपडे गळतात. तिथं खरवडणं, घासणं, प्रायमर, पुट्टी यातच पेंटर आणि हेल्परची हजेरी जाते. रंगाचे दोन हात त्यामानाने लवकर होतात. नव्या गिलाव्याचाच रेट अशा भिंतीला लावणं मला पटत नाही. ओल चालू असेल तर आधी तिचा बंदोबस्त, हे तर मी लेखीच देतो.

दुसरं, नफा. मजुरी, माल, पाड (उंचावर काम करायची परांची), भाडं मिळून खर्च 80,000 झाला नि त्यावर 20 टक्के चढवले, तर बिल 96,000. म्हणजे बिलाच्या मानाने नफा 17 टक्केसुद्धा नाही. बिलावर 20 टक्के सुटायचे तर 1,00,000 सांगावे लागतात. पण शेजारचा ठेकेदार 85 हजार सांगून मोकळा होतो.

तर जाणकारांनी सांगावं: खरवडकाम वेगळं लावता की रेटमध्येच धरता? दारं-खिडक्या पूर्ण वजा करता का? मालासकट घेता की नुसती मजुरी? दिवाळीची कामं आत्ताच विचारायला लागलेत, जरा लवकर सांगा.