रॉकप्रेमीची घालमेल: हिप हॉपशी भांडण नाही, पण बँड कुठे गेले?

डिस्टॉर्शन (धागाकर्ता)

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद त्यातच खर्ची पडायला नकोत. ‘रॅप म्हणजे संगीतच नव्हे’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. 2018 साली रॅपर केंड्रिक लमारच्या ‘डॅम’ या अल्बमला संगीताचं पुलित्झर मिळालं, अभिजात आणि जॅझच्या कुंपणाबाहेर ते पहिल्यांदाच गेलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आणि रेज अगेन्स्ट द मशीनसारखा रॅप करणारा रॉक बँड ऐकत वाढलेल्या माणसाने रॅपला नाकं मुरडावीत तरी कुठल्या तोंडाने?

तरीही खुपतंय. 2017 मध्ये नील्सन या मोजणी करणाऱ्या कंपनीच्या आकडेवारीत आर अँड बी आणि हिप हॉप या जोडगटाने अमेरिकेत रॉकला पहिल्यांदाच मागे टाकलं. पहिला नंबर गेला याचं दुःख नाही. (थोडं आहे. खोटं कशाला बोला.) खरं दुखतं ते बँड दिसेनासे झाले याचं. चार जण एका खोलीत एकाच वेळी वाजवताहेत, कोरस आला की ड्रमर जरा पुढे पळतो, बेसवाला त्याला सावरून घेतो, गिटारवाला मुद्दाम रेंगाळतो. ही ओढाताण मला ऐकायची असते. आता वरच्या गाण्यांत एक नाव असतं, ग्रिडवर, म्हणजे संगणकातल्या तालाच्या काटेकोर चौकटीवर, चिकटवलेला एक बीट असतो आणि आवाज नंतर भलत्याच शहरातून आलेला असतो. शब्द अफाट असतात, पण वाजवणाऱ्यांचं आपापसांतलं बोलणं ऐकू येत नाही.

कौतुक आणि चीड, दोन्ही एकदमच. तुमचं काय होतं?

आठशेआठ

ग्रिड? हिप हॉपचे बीट बनवणाऱ्या जे डिलाचं नाव ऐकलंय का? त्याने एमपीसी या बीट बनवायच्या मशीनची आपोआप ताल नीट करणारी सोय अनेकदा बंद ठेवून हाताने ड्रम वाजवले. त्याचा किक आणि स्नेअर असे लडखडतात की पुढे खरे ड्रमर ती लडखड शिकायला बसले. द रूट्स या हिप हॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव स्वतःच हे सांगत असतो. आणि आजचे किती रॉक अल्बम क्लिक ट्रॅकशिवाय (कानात ठेका देणारी टिकटिक) रेकॉर्ड होतात, तेही बघा. ड्रम कापून ग्रिडवर बसवण्यात मेटलवाले कुणाला हार जाणार नाहीत.

वाद्यांचं म्हणाल, तर 1973 च्या ऑगस्टमध्ये ब्राँक्समधल्या सेजविक अॅव्हेन्यूच्या पार्टीत (हिप हॉपची सुरुवात तिथून धरतात) डीजे कूल हर्क रेकॉर्डमधला ड्रमचा तुकडा लांबवत होता, त्यानंतर दोनच वर्षांनी न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं आणि शाळांवरच्या खर्चाला कात्री लागत होती. ज्यांच्या हाती गिटार पोचलीच नाही त्यांनी टर्नटेबलचं वाद्य केलं. यात कमीपणा कसला?

खर्जातला

ते सगळं खरं, पण चाल कुठंय राव? दोन स्वरांच्या लूपवर तीन मिनिटं बडबड. उद्या गुणगुणायला काय उरतं?

आठशेआठ

@खर्जातला, अहो, ताल आणि शब्दांची वजनं ऐकायची असतात तिथे. चाल हवी तर चालीच्या संगीताकडे जा. तुमच्या रॉकवाल्या एसी/डीसीमध्ये तुम्ही किती स्वर मोजता?

जुनी_कॅसेट

धागाकर्त्याचा सूर सौम्य आहे म्हणून सौम्यपणे असहमत. रॉकप्रेमींचं हे दुखणं फार जुनं आहे आणि दर वेळी ते समोरच्या नव्या पाहुण्यावर निघतं. 12 जुलै 1979, शिकागोचं कोमिस्की पार्क: एका रॉक रेडिओ जॉकीच्या हाकेवर लागोपाठच्या दोन बेसबॉल सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या रेकॉर्ड्स स्फोट करून उडवल्या, लोक मैदानात घुसले, दुसरा सामना खेळवताच आला नाही. 2008 मध्ये रॅपर जे-झी इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवाचा मुख्य कलाकार ठरला, तर ओएसिस या रॉक बँडच्या नोएल गॅलाघरने जाहीरपणे नाक मुरडलं. जे-झीने काय केलं? गळ्यात गिटार अडकवून ओएसिसचंच गाणं मुद्दाम बेसूर गात मंचावर आला.

आणि ‘आमची जागा घेतली’ हे रॉकने म्हणावं? ‘हाउंड डॉग’ हे गाणं आधी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचं होतं, जग ओळखतं एल्व्हिसचं. तशीच कृष्णवर्णीय असलेल्या सिस्टर रोझेटा थार्पची इलेक्ट्रिक गिटार ऐका, मग जागा कुणाची होती ते ठरवा.

डिस्टॉर्शन

@जुनी_कॅसेट, जागा घेतली असं मी म्हटलेलंच नाही. कोमिस्की पार्कमध्ये जे झालं ते लाजिरवाणंच होतं, पण मला आवडीचं काही हरवल्यासारखं वाटतं एवढ्यावरून मला त्या गर्दीत उभं करू नका.

सॅम्पलिंगबद्दलही (जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरणं) माझं मन असंच दुभंगलेलं आहे. रॉक बँड लेड झेपेलिनचे 1971 चे ते अजस्र ड्रम बीस्टी बॉइज या रॅप गटाने 1986 मध्ये उचलले आणि ते दोन्हीकडे मला आवडतात. पण ‘आमेन ब्रेक’ घ्या. द विन्स्टन्सच्या 1969 च्या रेकॉर्डवरचा जेमतेम सहा-सात सेकंदांचा तुकडा, असंख्य गाण्यांत वापरला गेला. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन 2006 मध्ये वारला, त्याला त्याचे पैसे मिळाले नाहीत. मशीनवरही हाताने ड्रम वाजतात असं म्हणताना हा खरा ड्रमरही आठवावा.

आठशेआठ

आठवतो. पण रॉक ज्यांच्या संगीतातून आला त्या ब्लूजवाल्यांना रेकॉर्ड कंपन्यांनी काय दिलं तेही त्याच वहीत लिहा.

हिशेबनीस

तुम्ही सगळे भावनांवर बोलताय, मोजणी कुणी बघतच नाही. 1991 पर्यंत अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या अल्बम यादीचा आधार दुकानदारांनी सांगितलेली माहिती हा होता. त्या मे महिन्यापासून ती यादी साउंडस्कॅन या यंत्रणेने मोजलेल्या प्रत्यक्ष विक्रीवर बनू लागली आणि जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम आधी दुसऱ्या आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर. श्रोते एका आठवड्यात तयार झाले नाहीत, आधी ते मोजलेच जात नव्हते.

आता उलट बाजू. 2014 च्या अखेरीस 1,500 स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असा हिशेब धरू लागले (आकडे पुढे बदलले). पंचविसेक छोटी गाणी असलेला अल्बम यात सहज पुढे जातो, आठ लांब गाण्यांचा मागे पडतो. 2017 च्या त्याच आकडेवारीत अख्खे अल्बम विकत घेणाऱ्यांमध्ये रॉकच पुढे होता! म्हणजे रॉक मेला नाही, त्याचा श्रोता कमी वेळा बटण दाबतो.

आणि हिप हॉपचं ‘वर्चस्व’ असं जे म्हणतात, ते कुठल्या साली? ऑक्टोबर 2025 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 च्या पहिल्या चाळिसांत एकही रॅप गाणं नव्हतं, 1990 नंतर पहिल्यांदाच. त्यात जुनी गाणी लवकर काढण्याच्या नव्या नियमाचा हात होता, पण तरी.

खर्जातला

म्हणजे आम्ही जिंकलो?

हिशेबनीस

नाही हो. त्या चाळिसांत बँड मोजून बघा.

तळघर

मी लहानपणापासून हिप हॉपवालीच, आणि धागाकर्त्याशी मी सहमत आहे, फक्त आरोपी चुकीचा पकडलाय. आमचेही गट गेलेत. रन-डीएमसी, पब्लिक एनिमी, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, नऊ जणांचा वू-टँग: एकाच्या ओळीचा शेवट दुसऱ्याने झेलायचा, तिसऱ्याने मागून हाकारायचं, आणि या सगळ्यावर डीजेचा हात. तुम्ही ज्याला आपापसांतलं बोलणं म्हणताय ते हेच. आता आमच्याकडेही एक नाव आणि पुढे ‘फीचरिंग’. तो पाहुणा कधी मुख्य कलाकाराला भेटलेलाही नसतो.

कारण रॅप नाही, पैसा आहे. चौघांचा ताफा न्यायचा तर प्रवास, राहणं, सरावाची जागा, सगळं चौपट, आणि मानधनाचे चार वाटे. लॅपटॉप असलेल्या एकट्याला यातलं काही लागत नाही. कंपनीलाही एकाच चेहऱ्याची जाहिरात सोपी, भांडून फुटण्याची भीती नाही. स्ट्रीमिंगचा मोबदला इतका बारीक की तो चार ठिकाणी वाटला तर हातात काय येणार? रॉकमध्येही आता एकटेच पुढे येतात आणि दौऱ्यापुरते वादक भाड्याने घेतात, नाही का?

डिस्टॉर्शन

@तळघर, ताई, हे मला पटायला लागलंय, आणि त्यामुळे चीड कमी होण्याऐवजी वाढलीय. निदान आधी रागवायला समोर कुणीतरी होतं. वू-टँगचा 1993 चा पहिला अल्बम पुन्हा लावतो, या वेळी कोण कुणाची ओळ झेलतंय तेवढंच ऐकत.

ग्रिडबद्दलचं मत मात्र तसंच आहे. डिला अपवाद.

आठशेआठ

अपवाद म्हणे! ‘मॅडलिब’ (तोही बीट बनवणाराच) असं शोधा आणि उद्या या, मग बोलू.