सिकलवाली बहीण, रक्त नेहमीएवढंच, तरी उठली की चक्कर. कोणाला दाखवू?

चिमूरची ताई
बहीण 24 वर्षांची, सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. हिमोग्लोबिन 7.6, म्हणजे तिचं नेहमीचंच. सिकलची हायड्रॉक्सीयुरिया गोळी चालू आहे. तीन आठवड्यांपासून खाटेवरून उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपी 90/60, जेवण जात नाही, मळमळते. मागच्या वर्षी रोवणीत सगळ्यांचे डबे घेऊन यायची, आता अंगणातली बादली उचलवत नाही. घरचे म्हणतात सिकलवाल्यांचं असंच असते. खरंच असंच असते का?

निसर्गोपचार
ही अॅड्रिनल थकल्याची लक्षणं. अश्वगंधा सुरू करा, कॉर्टिसॉल आपोआप जागेवर येईल.

नागपूरचा लॅबवाला
वरच्या सल्ल्यावर जाऊ नका. 'अॅड्रिनल थकणं' असं निदान वैद्यकशास्त्रात नाही. मूत्रपिंडावरच्या त्या अॅड्रिनल ग्रंथींचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडणं हा मात्र खरा आजार आहे, आणि तो रक्तात मोजता येतो.
ताई, एक विचारतो. दुखण्यासाठी ती बाहेरून काही घ्यायची का?

चिमूरची ताई
हो. बाजाराच्या दिवशी एक जण पुडी द्यायचा. कागदात बारीक पांढऱ्या गोळ्या, पाकीट नाही, नाव नाही. आठ महिने घेतल्या. दुखणं थांबलं, भूक वाढली, चेहरा गोल झाला. सगळे म्हणाले, पोरगी भरली! पोळ्यानंतर तो माणूस यायचा बंद झाला, गोळ्याही बंद.

नागपूरचा लॅबवाला
स्टेरॉइडच असावं. बाहेरून मिळत राहिलं की मेंदूकडून ग्रंथीला येणारा हुकूम थांबतो आणि ग्रंथी सुस्तावते. एकदम बंद केलं तर ती लगेच जागी होत नाही. सिकलवाल्यांचं आणखी एक आहे, स्टेरॉइड सुटल्यावर दुखण्याचा झटका उलटून येऊ शकतो.
सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासा. साधारण 3 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर कमतरता जवळपास नक्की. मधलं काही आलं तर एसीटीएचचं, म्हणजे मेंदूकडून येणाऱ्या त्या हुकुमाचं, इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात. आणि पुडीतल्या गोळ्या उरल्या असतील तर सोबत न्या. प्रेडनिसोलोन चालू असताना काही मशीनवर कॉर्टिसॉल खोटंच जास्त दिसतं.

चिमूरची ताई
आमची पहिली एसटी पोहोचते दहाला. आठ कसे गाठू?

दोन सिकलवाल्यांची आई
मावशी-आत्याकडे मुक्काम टाका ना बाई. पण तपासणीच्या नादात उद्यावर ढकलू नका. उलट्या झाल्या, पोरगी गुंगली, पाणी टिकेना, तर त्याच रात्री दवाखाना. दारातच सांगायचं, "आठ महिने स्टेरॉइड घेतलं, एकदम बंद झालं." नाही तर सगळे नुसतं रक्त चढवायच्या मागे लागतात. माझ्या मोठ्याच्या वेळी हेच झालं. चौथ्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टरणीने रक्तातलं सोडियम पाहिलं, तेव्हा कुठे हे लक्षात आलं.

एक डॉक्टर
आईंचं बरोबर. अशा वेळी रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम आणि सलाइन देतात, रक्ताचा नमुना आधी काढून ठेवला की झालं. पुडी घरच्या घरी पुन्हा सुरू करू नका. एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे ग्रंथींच्या डॉक्टरांना दाखवा, सिकलचे डॉक्टर सोबत हवेतच. मॉर्फिनसारखी औषधं महिनोन्‌महिने चालली तरी हा हुकूम दबतो, तेही सांगा. नखं काळी असतील तर ती याच आजाराची खूण समजून घाबरू नका, ते हायड्रॉक्सीयुरियानेही होतं.

चिमूरची ताई
(नऊ दिवसांनी) आत्याकडे राहिलो. कॉर्टिसॉल 1.8. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप आला तर डोस दुप्पट करायचा आणि मनाने बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल पेनाने लिहून दिलं. ती चिठ्ठी सिकलच्या कार्डाला टाचली. काल तिने स्वतः भाजी फोडणीला टाकली.

एक डॉक्टर
छान. चालताना जांघेत दुखतं का तेवढं विचारा. सिकलमध्ये खुब्याचं हाड तसंही सुकतं, त्यात आठ महिने स्टेरॉइड. दुखत असेल तर नुसत्या एक्स-रेवर थांबू नका, एमआरआय करा.

चिमूरची ताई
डाव्या बाजूला दुखते म्हणते. सोमवारी नेतो.