'दहा मिनिटात फुकट लिफ्ट'वाल्यांनो, पिकअपचं तोंड उचलायच्या आधी हे वाचा

गुळाची_गाडी
काल ग्रुपवर एकानं टाकलंय, "टॉर्शन बारवाल्या (स्प्रिंगच्या जागी पीळ खाऊन वजन पेलणारी पोलादी दांडी) पिकअपला लिफ्ट किट कशाला, खाली वाका, दोन्ही अ‍ॅडजस्टर बोल्ट पान्यानं कसा, दहा मिनिटात पुढनं तीन इंच वर, खर्च शून्य, सस्पेन्शन पण कडक होतंय, कंपनी हे सांगणार नाही." आणि खाली सगळी पोरं नाद खुळा नाद खुळा करालीत. गप बसणार होतो पण आज मार्केट यार्डात तसलीच एक गाडी बघितली, पुढची चाकं वरनं फाकलेली, आणि मालक फोटो काढालाय.

पहिलं म्हणजे बोल्ट कसून बार कडक होत नाही. कडकपणा बारच्या जाडीवर आणि लांबीवर, जाडीचा तर चौथा घात लागतोय, म्हणजे बार 10 टक्के जाड घेतला तर 46 टक्के कडक. बोल्टनं तुम्ही फक्त मागची 'की', म्हणजे बारचं टोक धरणारा आखूड दांडा, फिरवताय, गाडी वर बसती एवढंच. खाट विटांवर चढवली म्हणून गादी कडक होत नाही. मग कडक का लागतीय? कारण चाक धरणारा आर्म आधीच खाली लोंबलाय, चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच ठेवली नाही, रिबाऊंड स्टॉपवर, म्हणजे खाली जायच्या हद्दीवर, ठाणठाण आपटतंय, त्याला हे लोक स्पोर्टी म्हणालेत.

दुसरं, कॅम्बर टो म्हणजे चाकांचा कल आणि दिशा, सगळं हलतंय, टायर एका कडेनं साफ. फोर बाय फोर असली तर अ‍ॅक्सलचे सांधे कायम तिरके फिरणार, आधी त्यावरचा रबरी बूट फाटणार मग सांधा जाणार. आणि तिसरं, पिकअप रिकामी असताना मागनं उंच दिसती ती मापानंच तशी असती बाबांनो, माल भरला की बरोबर होती. तुम्ही पुढनं उचलून रिकामी गाडी लेव्हल केली, मग 40 पोती टाकल्यावर तोंड आकाशात.

रंकाळा_रायडर
काका एवढं टायपायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात माझे दोन्ही बोल्ट फिरून झाले असते 😂 माझी गाडी उचललेलीच आहे, करूळ घाटानं कोकणात जातो येतो, काही झालेलं नाही. अमेरिकेत सगळे शेवरोले सिल्व्हरॅडो पिकअपवाले हेच करतात, ते काय येडे आहेत काय?

गुळाची_गाडी
अमेरिकेतलं सांगूच नका. सिल्व्हरॅडो 1500 चे टॉर्शन बार 2007 च्या नव्या मॉडेलला काढून कॉइल दिल्यात, बार राहिले ते जड कामाच्या एचडी मॉडेलला. आणि तिथले शहाणे वेगळी की टाकतात, शॉकअप बदलतात, वरचा आर्म बदलतात, मग अलाइनमेंट. तुम्ही त्यातला पाना तेवढा उचलला.

रंकाळा_रायडर
बरं बाबा, तुम्ही मोठे इंजिनिअर.

उद्यमनगर_गल्ली
दोघं पण अर्धं बोलालाय. बोल्ट कंपनीनं दिलाय तो शोभेला न्हाई. जुन्या गाडीचा बार वर्षानुवर्षं पीळ खाऊन बसतोय, बऱ्याचदा ड्रायव्हर साईडचा जास्त, मग गाडी एका अंगावर झुकती. ती मूळ उंचीवर आणायलाच तो बोल्ट हाय. सपाट जागा, टायरमधी हवा बरोबर, चाकाच्या सेंटरपास्नं फेंडरच्या कडंपर्यंत माप, दोन्हीकडं. जॅक चेसीला, चाक लोंबतं, ताण उतरला की मगच बोल्टाला हात. आटे साफ करून ग्रीस. खाली सोडून थोडी पळवायची, बार बसू द्यायचा, परत माप. इंचभर, लई झालं तर दीड.

पण करतंय कोण? गाडी भुईवर, वजन बोल्टावर, आणि वरनं इम्पॅक्ट गन. आटं गेलं की मग आमच्याकडं. पीळ भरलेली की सुटली तर हात जाईल हे कुणी व्हिडिओत सांगत न्हाई. आणि अलाइनमेंटचे पैसे मागितले की गिऱ्हाईक म्हणतंय, "ते राहू दे, स्टेअरिंग सरळच हाय की." टायर बाद झाल्यावर पुन्हा आमच्याच नावानं बोंब.

आंबेवाडीकर
शहरात बसून ज्ञान द्यायला काय जातंय. पावसाळ्यात चिखलीला या राहायला. 2019 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, आमच्या दारात काय असेल विचार करा. दोन इंच वर गाडी म्हणजे आम्हाला दोन इंच जास्त आयुष्य.

गुळाची_गाडी
पुराबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटतंय, पण दोन इंचानं पंचगंगा ओलांडता येत नाही. इंजिनात पाणी जातं ते हवेच्या तोंडातनं, ते कुठंय ते बघा आधी.

आंबेवाडीकर
चिखलातनं रस्ता काढाय पण उपयोग होतोय हे तरी मान्य करा.

गुळाची_गाडी
केलं. एक इंचापुरतं.

रात्रपाळी_शिरोली
सगळे बार बार करालेत, लाईटचं कोण बोलणार? तीन मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर) गाडीचं तोंड 50 मिलिमीटर उचललं तर बीम 100 मीटरवर दीड मीटरच्यावर चढतो. म्हणजे डिपर मारून पण समोरच्याच्या डोळ्यात. सुट्टी झाली की मी बाईकवर घरी जातो, माझं काय? माझा चुलतभाऊ गेल्या हंगामात जयसिंगपूर रोडला असल्याच पिकअपच्या लाईटनं आंधळा झाला आणि कडेला उभ्या उसाच्या ट्रॉलीत घुसला. पाय मोडला, नशीब म्हणून वाचला.

शिरोळचा_फड
पाय मोडला वाईट झालं, पण ट्रॉली मधी का ओढताय? ती उभी होती की.

रात्रपाळी_शिरोली
उभीच होती! अंधारात, रस्त्यावर, रिफ्लेक्टर नाही, मागं लाईट नाही, एक दगड लावला आणि ड्रायव्हर चहाला! दोन दोन ट्रॉल्या एकामागं एक, गाणी कर्णा फाटेस्तोवर, लाईटिंग सगळी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आणि मागं ठार काळोख.

शिरोळचा_फड
दादा, ऊस बाहेर लोंबतोय, पाल्यानं रिफ्लेक्टर झाकतोय. वायर फडात तुटती. आम्ही काय हौसेनं रात्री रस्त्यावर असतो? कारखान्याच्या काट्यावर नंबर लागायला रात्र रात्र जाती, टायर फुटला तर ट्रॉली खांद्यावर घेऊन जाऊ काय? साखर गोड लागती, ऊसवाला कडू.

रात्रपाळी_शिरोली
पाल्यानं झाकतोय तर साट्याच्या खाली लाल कापड बांधा, वर पट्टी मारा. स्पीकरची वायर बरी तुटत नाही फडात?

रंकाळा_रायडर
हे भारी होतं 😂😂

शिरोळचा_फड
हसा. स्पीकरचं बरोबर हाय, मानलं, आमच्या ड्रायव्हरला पण तेच सांगून दमलो. पण चुलतभाऊ आंधळा झाला तो पिकअपच्या लाईटनं, हे तुमचंच वाक्य हाय. मग दोष अर्धा रंकाळ्याचा.

रंकाळा_रायडर
मी कुठं होतो तिथं?? आणि हेडलाईटला मागं स्क्रू असतो, खाली करता येतो बीम.

रात्रपाळी_शिरोली
तू केलायस काय?

रात्रपाळी_शिरोली
बोल की. का गप?

फौजी_आप्पा
भांडू नका रे पोरांनो. आम्ही टी-72 वर होतो, रणगाड्याला पण टॉर्शन बारच, एका बाजूला सहा चाकं, पोटाखालनं आडवे बार. एवढं वजन त्यावर पळतं. पण मनाला आलं म्हणून उंची बदलायची हिंमत कुणाची नव्हती. अर्जुन रणगाड्याला मात्र हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे तेल आणि गॅसवरचं सस्पेन्शन दिलंय, त्याची मजा वेगळीच.

कायदा_बियदा
मोटार वाहन कायदा कलम 52 वाचा. परवानगी नसलेला बदल केला तर 182अ खाली प्रत्येक बदलाला 5000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

उद्यमनगर_गल्ली
साहेब अ‍ॅडजस्टर कंपनीचाच हाय, त्याच्या मापात फिरवला तर बदल कसला? वेगळी की, वेगळा बार टाकला तर बोला. आणि दंडच लावायचा तर आधी लाईटवाल्यांना लावा.

गुळाची_गाडी
हे पटलं. बहुतेक पहिल्यांदाच.

नवीन_मेंबर
माझ्या पिकअपला पुढं टॉर्शन बार नाही, पाटे आहेत, मी कुठला बोल्ट फिरवू?

उद्यमनगर_गल्ली
कुठलाच न्हाई. लांब हो गाडीपास्नं.

रंकाळा_रायडर
शेवटचं बोलतो. रात्री भिंतीसमोर उभी करून बीम खाली घेतो, आणि रविवारी अलाइनमेंट करून घेतो, झालं सगळ्यांचं समाधान? उंची मात्र कमी करणार नाही, दिसती भारी.

गुळाची_गाडी
टायरच्या आतल्या-बाहेरल्या कडंचा फोटो टाका सहा महिन्यांनी. दिसती भारी म्हणे.

भंगार_टू_भारी
टॉर्शन बारची जुनी जोडी विकणे आहे, डावा-उजवा, गंज नाही. गोकुळ शिरगावला येऊन बघा. फोटो खाली.

उद्यमनगर_गल्ली
फोटोत दोन्ही टोकांवर एल मारलंय भावा. जोडी कसली, दोन्ही डावेच हायत.