सात-बारा आपला, मर्जी कुणाची?

घणसोलीकर: परवा इथंच कुणीतरी लिहिलं, "सरकारला जमीन हवी असेल तर घेणारच, मोबदला घ्या आणि गप्प बसा." इतकं सोपं नाही हो. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, मग कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना, हरकतींना ६० दिवस, सुनावणी, जमीन घेणारच अशी कलम १९ ची घोषणा, त्यानंतर १२ महिन्यांत मोबदल्याचा निवाडा. कायद्याशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, हे घटनेतलं कलम ३००-अ काय शोभेला आहे?

पामबीचवाला: ती पोस्ट माझीच. पुस्तकं आम्हीही वाचतो. जमीन जाणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांची संमती खासगी कंपनीसाठी, ७० टक्क्यांची सरकारी-खासगी भागीदारीसाठी. सरकारच्या स्वतःच्या कामाला संमती लागतच नाही. राज्याची २०१८ ची दुरुस्ती बघा, कित्येक प्रकल्पांना तो अभ्याससुद्धा माफ. प्रत्येकजण अडून बसला असता तर आपली नवी मुंबई झाली असती का?

घणसोलीकर: "आपली"? कधीपासून? नोटीस आमच्या खाचराच्या बांधावरच्या आंब्याला डकवली होती. आजा अंगठेबहाद्दर. भरणीचे ट्रक आले तेव्हा घरात कळलं.

उरणची लेक: आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत देतात, त्या योजनेचं कौतुक नको. सुविधांसाठी पावणेचार वजा, हातात पावणेनऊ. १९८४ ला जासईच्या आंदोलनात पाच जीव गेले, तेव्हा कुठे हे पदरात पडलं.

पामबीचवाला: रस्ते-शाळा काय हवेत बांधायच्या? आणि प्लॉट बिल्डरला देऊन गाड्या कोणी उडवल्या?

उरणची लेक: गाडी? आमची फाइल चार आत्यांच्या हक्कसोडपत्रावर अडकलीय. तिघींनी सह्या केल्या. धाकटी म्हणते, आधी सांगा, बापाच्या तेराव्याला मला का नाही बोलावलं. अकरा वर्षं झाली.

घणसोलीकर: आमच्याकडे काका. मेले तरी सही नाही केली.

ठाणे कोर्ट: आत्या-काका बाजूला ठेवा. २०१३ च्या कायद्याच्या कलम २४(२) खाली जुनं संपादन रद्द होईल या आशेवर कुणी असेल तर २०२० चा इंदूर विकास प्राधिकरणाचा निकाल वाचा. ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, दोन्ही असेल तरच. पण २०२४ च्या कोलकाता महापालिका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं बजावलंय, नुसता मोबदला दिला म्हणजे झालं असं नाही. नोटीस, ऐकून घेणं, कारणांसह निर्णय हे सगळं ३००-अ मध्येच येतं.

पामबीचवाला: बरं बाबा, आंब्याला नोटीस डकवणं चूक. समाधान?

घणसोलीकर: मोठे उपकार झाले.

दिव्याचा दादा: भांडण झालं असेल तर एक सांगा, हरकत तहसीलला द्यायची की प्रांताला?

ठाणे कोर्ट: अधिसूचनेत जो अधिकारी लिहिलाय त्याच्याकडे, या कामापुरता जिल्हाधिकारी तोच. लेखी द्या, झेरॉक्सवर पोच घ्या. तारखेचा शिक्का नीट उमटलाय ना ते तिथंच बघा.