मदत हवी आहे : ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीतली घरघर गिअरबॉक्सची की मागच्या डिफरन्शियलची?

गाडी 2015 ची जपानी टर्बो सेडान, 6 गिअर मॅन्युअल, 1,40,000 किमी. मी मेलबर्नला असतो. इंजिनात काहीही बदल केलेले नाहीत.

60 ते 80 च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बारीक, चढत जाणारी घरघर येते. पाय उचलला की क्षणात बंद. त्याच वेगात पाचव्याऐवजी चौथा टाकला तरी सूर तोच, म्हणजे आवाज आरपीएमशी नाही, वेगाशी बांधलेला आहे. न्यूट्रलमध्ये उभी असताना अगदी शांत.

चारही टायर एकाच मेकचे, झीजही जवळपास सारखी. मागचे-पुढचे अदलून पाहिले, फरक नाही. लिफ्टवर व्हील बेअरिंगमध्ये खेळ नाही, वळणावर आवाज बदलतही नाही. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच), दोन्हींत 75डब्ल्यू-90 जीएल-5 गिअर ऑइल नवं भरलं. मागच्या डिफरन्शियलच्या ऑइल काढायच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप होता, बोटावर चोळला तर मऊ, कण एकही नाही. गिअरबॉक्सच्या प्लगवर मात्र धातूच्या केसाएवढ्या दोन चकत्या सापडल्या. तेच मनातून जात नाही.

अडचण अशी की पुढचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात आहे, आणि केबिनमध्ये आवाज पुढून की मागून हे कळत नाही. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) काढून चालवायला एकाने सांगितलं, पण सेंटर डिफरन्शियलवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या) ताण येईल म्हणून ते करायचं नाही. गॅरेजवाला थेट गिअरबॉक्स उतरवायचं म्हणतोय, खर्च मोठा आहे.

क्लिपचे मायक्रोफोन लावून गाडी चालवली, तर नेमके कुठे लावू म्हणजे पुढचा पिनिअन (डिफरन्शियलला फिरवणारा छोटा गिअर), ट्रान्सफर गिअर (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा) आणि मागचा पिनिअन यांचे आवाज वेगळे ओळखता येतील?