झटका मशीनला जस्ताची बॅटरी द्या, पण पाण्याची नको, जेलची

पांढरकवडा_शिवार
तूर फुलावर आली अन् ऐन रात्री कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं झटका मशीन बंद. बॅटरीचं झाकण काढलं तर पाणी आटलेलं, प्लेटांवर पांढरा थर. दोन रात्रींत रानडुकरांनी धुऱ्याकडची सहा तासं आडवी केली. शिसं-ॲसिडला मी कंटाळलो. शेताला जस्त-आयन बॅटरीच पाहिजे. जस्त राजस्थानात निघतं, अन् पाण्यातल्या मिठावर चालणारी ही बॅटरी पेट घेत नाही. घोडं अडलं होतं चार्जिंगवर. दर वेळी जस्त पत्र्यावर सुयांसारखं उगवतं, सुई पडदा फोडून पलीकडे टेकली की शॉर्ट. वर मोकळ्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, पत्रा गंजतो. हायड्रोजेलमध्ये पाणी पॉलिमरच्या जाळीत अडकून राहतं, जस्त सपाट बसतं. आयुष्य वाढतं ते यामुळे.

वायरमन_वरोरा
भाऊ, सुयांचं पटलं. पण जस्त-आयनमधला जस्त-मँगनीजचा सेल जेमतेम १.३-१.४ व्होल्टचा. १२ व्होल्टला नऊ जोडा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलचं चारात भागते. नवातला एक बसला की अख्खी माळ बसते, हे मी रोज दुरुस्त करतो. अन् मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या पेटीत तर हात लावू देत नाही. जेलात मुख्य माल पाणीच. शिसंवालीत डिस्टिल्ड वॉटर तरी ओतता येतं. वाळलेल्या जेलचं काय करू?

संत्राबाग_वरूड
बागेत मी पुसा हायड्रोजेल, म्हणजे मातीत ओल धरणारे दाणे, टाकतो. चिमूटभर दाणे ग्लासभर पाण्यात टाकले की फुगून लिबलिबीत होतात. मातीत ते पाणी सोडतात, कारण मुळं ओढतात. बॅटरीचा डबा सीलबंद असतो. जेलमध्ये ग्लिसरीन घातलं की पाणी आणखी धरून राहतं. टॉर्चच्या जुन्या सेलातही जस्ताच्या डब्यात खळच असते ना?

वायरमन_वरोरा
तो सेल एकदा वापरून फेकायचा. हा शेकडो वेळा चार्ज व्हायचा. जास्त चार्ज झाला की जेलमध्येही गॅस निघणार, अन् सीलबंद डबा फुगणार. शिवाय जेल घट्ट केलं तर आयन हळू चालतात.

पांढरकवडा_शिवार
गॅसचं मान्य. कंट्रोलर नेमका लागेल. पण झटका मशीनला करंट किती लागतो? सेकंदाला एक ठोका. हळू चाललं तरी चालते, अन् धुऱ्यावर ठेवलेल्या बॅटरीचं वजन कोण मोजतो? माझं म्हणणं एवढंच, चाचणी एसीच्या खोलीत नको. टिनाच्या पेटीत, मे महिन्यात, आमच्या धुऱ्यावर घ्या.

वायरमन_वरोरा
तशी घेतली तर मी स्वतः मीटर घेऊन येतो. तोवर गिऱ्हाइकाला लिथियम आयर्न फॉस्फेटच बसवून देईन, त्याची तूर उभी राहिली पाहिजे.