किनारा वाचवायचा तर आधी काय: जिवाणूंचा अभ्यास की सांडपाण्याला बंदी?

अनघा
किनाऱ्याच्या पर्यावरणाचा विषय निघाला की प्रवाळ, कासवं, सागरी गवत यांवर भरभरून बोललं जातं. जिवाणूंचं नाव कुणी काढत नाही. मिलिलिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात, आणि बाकी सगळ्यांचं पोषण त्यांच्या हातात असतं.

जोनाथन झेर या सागरी शास्त्रज्ञाचं काम बघा. १९९८ साली त्यांच्या गटाला पॅसिफिकच्या पाण्यात डीएनएचा एक छोटा तुकडा सापडला. हवेतला नायट्रोजन सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी जीवाचा. तो ज्या शैवालात राहतो ते शैवाल वाढवायला जपानमध्ये शास्त्रज्ञ क्योको हागिनो यांनी दहा वर्षांहून जास्त काळ घालवला. २०२४ मध्ये उलगडा झाला: तो स्वतंत्र जिवाणू उरलेलाच नाही, शैवालाच्या पेशीचा एक भाग झालाय. त्या भागाचं नाव नायट्रोप्लास्ट! हे शैवाल किनाऱ्यालगतही असतं. म्हणजे समुद्राला नायट्रोजन कुठून मिळतो, याचं उत्तर इतकी वर्षं आपल्याकडे अर्धवटच होतं.

माझं मत स्पष्ट आहे. किनाऱ्याच्या प्रत्येक योजनेत जिवाणूंच्या अभ्यासाला पहिल्या दिवसापासून पैसे हवेत.

मिलिंद
असहमत, आणि ठामपणे. शोधाबद्दल आदर आहे, पण त्याने एकाही खाडीचं पाणी निवळलेलं नाही. फ्लोरिडातल्या टॅम्पा बेमध्ये १९७० च्या दशकात पाणी हिरवंगार, गढूळ झालं होतं, सागरी गवत मरत होतं. उपाय काय केला? शैवालाला खत ठरणारा सांडपाण्यातला नायट्रोजन कमी केला. पाणी निवळलं, ऊन तळापर्यंत पोचलं आणि २०१४ पर्यंत गवत १९५० च्या दशकाइतकं परतलं. त्यासाठी जिवाणूंची जनुकं वाचत बसावं लागलं नाही. पैसा मोजकाच असतो, आणि "अजून अभ्यास हवा" हे वाक्य प्रदूषण करणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडतं.

शर्वरी
टॅम्पा बेची गोष्ट २०१४ ला संपत नाही. २०१६ नंतर तिथलं गवत पुन्हा मोठ्या प्रमाणावर घटलं.

आणि उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राचं काय? १९८० च्या दशकापासून तिथे येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस बराच कमी केला, तरी तळाचा प्राणवायूविना पडलेला भाग हटत नाही. मेलेलं शैवाल कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात. तो संपला की गाळात अडकलेला फॉस्फरस सुटतो. त्यावर नीलहरित जिवाणू फोफावतात, आणि त्यांना नायट्रोजनसाठी सांडपाण्याची गरजच नसते, ते तो हवेतून घेतात. मग तेही मरून तळाशी जातात. नुसता नळ बंद करून हे चक्र थांबत नाही.

मिलिंद
बाल्टिकमध्ये तो नळ फार उशिरा बंद झाला, एवढंच यातून दिसतं. प्राणवायू संपला की गाळातून फॉस्फरस सुटतो हे मॉर्टिमर या शास्त्रज्ञाने तळ्यांच्या गाळावर १९४१-४२ मध्येच दाखवलं होतं. ज्ञान होतं, कृती नव्हती.

केदार
२०१७ मध्ये इंडोनेशियातल्या बेटांभोवती जोलिआ लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी पाण्यातल्या जिवाणूंचा डीएनए तपासला. सागरी गवत आहे तिथे रोग पसरवू शकणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण निम्म्यावर आलेलं होतं. शेजारचे ८,००० हून जास्त प्रवाळ पाहिले, तर त्यांच्यातला रोगही निम्माच. गवत वाचवायला याहून चांगलं कारण कुठलं? आणि जिवाणू तपासले नसते तर ते कळलंच नसतं.

मिलिंद
हे उदाहरण भक्कम आहे, मान्य. तरी माझा मुद्दा राहतोच. खाडीसाठी मर्यादा ठरते ती "वर्षाला इतके टन नायट्रोजन" अशी. त्या आकड्यावर कारखान्याला जाब विचारता येतो. जिवाणूंच्या यादीतून असा कोणता आकडा निघतो?

अनघा
हाच आकडा निघतो! गाळातले काही जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात आणि तो हवेत परत जातो. खाडी किती टन पचवेल हे बरंचसं यावर ठरतं. पण सांडपाण्यातून आणि कुजण्यातून नायट्रोजन येतो तो बहुतेक अमोनियाच्या रूपात. त्याचं आधी नायट्रेट व्हावं लागतं, ते करणारे जिवाणू वेगळे, आणि त्यांना प्राणवायू लागतो. प्राणवायू संपला की समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेट या क्षारावर जगणारे जिवाणू गाळात सल्फाइड सोडतात. त्या सल्फाइडमुळे नायट्रेट बनवणाऱ्यांचं काम अडतं, हे जॉय आणि हॉलिबॉ या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं. अमोनिया तसाच साचतो आणि पुन्हा शैवालाला मिळतो. म्हणजे नायट्रोजनचा भार सर्वाधिक असतो नेमकी तेव्हाच खाडीची पचवण्याची ताकद घसरते. मग वर्षभरासाठी टनांचा एकच आकडा कसा चालेल? पाणी तापलेलं असतं आणि तळाशी प्राणवायू नसतो, त्या आठवड्यांत मर्यादा खाली यायला हवी. किती खाली, ते गाळातले जिवाणू किती वेगाने नायट्रोजन हवेत परत पाठवतात हे मोजूनच कळेल.

सांडपाणी आजच रोखा, त्याला माझा विरोध कधीच नव्हता.

मिलिंद
गरम महिन्यांसाठी वेगळी, कडक मर्यादा हे पटलं. माझी अट एकच: मोजणी चालू असेपर्यंत जुनी मर्यादा सैल होणार नाही हे योजनेत लेखी हवं. "मोजतोय" म्हणून कुणालाही एक टनही जास्त सोडायची परवानगी मिळता कामा नये.